देवापेक्षा मोठा शब्द

कोठीवाल्या काकूंना घरात कोंडून ठेवलंय असं कुणी म्हटलं, तर आधी त्याच भांडायला उठतील. दाराला बाहेरून कधी कुलूप नसायचं. काकांनी उभ्या आयुष्यात त्यांच्यावर हात उगारला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. ते फक्त विचारायचे. काकूंनी चपलेत पाय घातला की आतल्या खोलीतून तीन प्रश्न यायचे, नेहमी त्याच क्रमाने. "कुठं? कशाला? किती वाजता?"

काकांची एकतीस वर्षं औषधांच्या एका कोठीवर गेली. कोठी म्हणजे गोदाम. खोका आत आला की नोंद, बाहेर गेला की नोंद, आणि संध्याकाळी आतलं-बाहेरचं जुळल्याशिवाय घरी यायचं नाही. म्हणून सगळी इमारत त्यांना कोठीवाले म्हणायची. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी चाव्या साहेबांच्या हातात दिल्या खऱ्या, पण तळमजल्यावरची शिंपीणबाई म्हणायची, "चाव्या दिल्या, कोठी मात्र घरी घेऊन आले." काकू जिन्यावरून उतरताना दिसल्या की ती मशीनवरची मान न उचलता हाक मारायची, "काय काकू, माल बाहेर पडला वाटतं आज! पावती घेतलीत का?"

काकू हसायच्या. आणि हसता हसता मनगटावरच्या घड्याळाकडे बघायच्या.

त्यांना रोजची वही लिहायची सवय माहेरपासूनची. संध्याकाळी देवापुढे बसून झालं की तिथेच, त्याच चटईवर, मांडीवर वही घ्यायची आणि पाच-सहा ओळी लिहायच्या. पहिली ओळ ठरलेली, "देवा, तुझी कृपा." पुढे दिवसभराचा पाढा. लग्नानंतरच्या पहिल्या वहीत म्हणे बरंच काही असायचं. रुसवे-फुगवे असायचे, पडलेली स्वप्नं असायची, शेजारणीच्या नव्या पडद्यांबद्दलची असूयासुद्धा असायची. मग एका रविवारी काकूंनी वही उघडली, तर प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बरोबरची खूण. काकांनी आठवड्याचा माल तपासला होता! एकाच पानावर खुणेऐवजी प्रश्नचिन्ह होतं. त्या पानावर "पोस्टात गेले" असं लिहिलेलं होतं, बस.

"गेलीस ते दिसतं, आलीस ते दिसत नाही," काका अगदी शांतपणे म्हणाले होते. "नोंद अर्धी ठेवू नये."

तेव्हापासून काकू नोंद पुरी ठेवायला लागल्या. असूया गेली, स्वप्नं गेली. राहिलं ते असं: "देवा, तुझी कृपा. सकाळी दूध केंद्रावर, पावणेसातला परत. ह्यांना नाश्ता. औषधाच्या दुकानात, अकराला परत. ह्यांचा गुडघा दुखतो. शिंपीणबाईकडे उशीची खोळ टाकली, वीस मिनिटांत परत." अशा बावीस वह्या झाल्या. सगळ्या काकांच्या कपाटात, पाठीवर वर्ष लिहून, ओळीने उभ्या.

काकूंना एकच सख्खी बहीण. थोरली. ती बसने चार तासांवर राहायची आणि ह्या चार तासांत काकूंची सात वर्षं अडकली होती. एकदा त्या निघाल्या तर नेमके घरात रंगारी आले. दुसऱ्यांदा तर त्या बसमध्ये जाऊन बसल्यासुद्धा होत्या. पिशवी मांडीवर, खिडकीची जागा. तेवढ्यात शेजारणीचा फोन आला, काकांना चक्कर आलीय. काकू उतरल्या, धापा टाकत घरी आल्या. काका चहा पीत होते. ती चक्कर खरी होती, असं काकू आजही सांगतात. कुणी न विचारताच सांगतात.

आणि आता थोरली न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, आत सळई घातली. फोनवर ती रडली नाही, तो तिचा स्वभावच नव्हे. एवढंच म्हणाली, "धाकटे, एक महिना ये गं. नर्सबाई उचलतात ते पोतं उचलल्यासारखं उचलतात. मला आपलं माणूस हवंय." काकूंनी "बघते" म्हटलं. "बघते" म्हणजे काय ते थोरलीला सात वर्षांत पाठ झालं होतं. तिने फोन ठेवला आणि तीन दिवसांनी स्वतःच्या मुलीलाच मावशीला आणायला पाठवून दिलं.

भाची मोठी चिवट. एका मोठ्या कंपनीत तिचं काम गिऱ्हाइकांच्या तक्रारी बघण्याचं. पहिल्याच दिवशी चहा पिता पिता तिने काकूंना ते समजावून सांगितलं. दिवसाला हजारो तक्रारी येतात, साहेबांना वाचायला सवड नसते. मग ती सगळा मजकूर कॉम्प्युटरला घालते. तो शब्द मोजतो आणि त्यांचं एक चित्र काढतो. जो शब्द जास्त वेळा आला तो मोठा, जो कमी वेळा तो बारीक, आणि सगळे एकमेकांना चिकटून, ढगासारखे.

"शब्दांचा ढगच म्हणतात त्याला."

"म्हणजे तक्रार न वाचताच कळते?" काकूंना नवल वाटलं.

"कळल्यासारखं वाटतं, मावशी. साहेबांना तेवढं पुरतं."

दुसऱ्या दिवशी तिने काकांपुढे सरळ विषय काढला. काका म्हणाले, "जाऊ दे की. मी कधी अडवलंय? फक्त माझ्या गुडघ्याचं तेवढं उतरू दे." गुडघा दोन वर्षं दुखत होता. भाचीने ओठ आवळले. मग ती काकूंना म्हणाली, "आई मला विचारणार, धाकटी एवढी अडकलीय तरी कशात? मी काय सांगू? तुझ्या वर्षभराचं चित्रच घेऊन जाते. गेल्या वर्षीची वही दे."

"त्यात काय असणार बाई. दूध आणि औषधं."

पण आपल्या वहीचं चित्र निघणार म्हटल्यावर काकू मनातून जरा सुखावल्याच. वही काकांच्या कपाटातून काढायची होती, तेव्हा त्यांना विचारणं आलं. काकांनी स्वतः उठून, धूळ झटकून ती काढून दिली. "घे, घे. लपवण्यासारखं काही नाही त्यात. सगळं तपासलेलं आहे."

पुढच्या दोन दुपारी काकूंनी वही मोठ्याने वाचली आणि भाचीच्या फोनने ती लिहून घेतली. काकूंचं वाचणं प्रार्थना म्हटल्यासारखं, एका लयीत. फोनचे कान मात्र तिखट नव्हते. "ह्यांचा गुडघा दुखतो" ऐकून तो लिहायचा, "यांचा गुलाब दुखतो." वर्षभरात काकांचा गुलाब सत्तेचाळीस वेळा दुखला. मावशी-भाची डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि आतून काकांनी विचारलं, "काय झालं?" दोघी अळीमिळी गुपचिळी. पुढे पुढे भाचीचं हसणं कमी होत गेलं. काकू वाचत होत्या, "सहाला परत", "साडेअकराला परत", "पाच मिनिटं उशिरा परत, रांग होती." भाची खिडकीबाहेर समोरच्या भिंतीवरचे पाण्याचे नळ बघत बसली.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या टेबलावर तिने कॉम्प्युटर उघडला. "फोनने ऐकलेलं सगळं दुरुस्त केलंय," ती म्हणाली, "आणि बारीकसारीक शब्द यंत्र आपणहूनच गाळतं. मी, तू, हे, ते, आणि, पण. नाहीतर तेच सगळीकडे दाटतात." तिने एक बटण दाबलं.

पडद्यावर शब्द आले. निळे, करडे, काही आडवे, काही उभे. दूध होतं, औषध होतं, नाश्ता, गुडघा, रांग, दुकान. पण नजर तिकडे जातच नव्हती. मधोमध काळाभोर, बाकीच्यांना कोपऱ्याकडे रेटून बसलेला एकच शब्द होता.

परत.

काकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मग त्या दुसरंच काहीतरी शोधायला लागल्या. ते त्यांना वरच्या कडेला सापडलं, "परत"च्या पाव आकाराचं. देवा.

"हे उलटं झालंय," त्या म्हणाल्या.

"काय उलटं?"

"देवाचं नाव मोठं हवं. मी एक दिवस चुकवलेला नाही."

"म्हणून तर ते तीनशे पासष्ट वेळा आहे, मावशी. परत आहे नऊशे अठरा वेळा."

"पुन्हा मोज."

भाचीने पुन्हा बटण दाबलं. "परत मोजलं तरी परतच," ती म्हणाली. विनोद म्हणून म्हणाली, पण काकूंचा चेहरा बघून तिचं तिलाच कसंतरी झालं.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, यंत्राला काय कळतंय. काकूंना तसं म्हणता येईना, कारण यंत्राने आपल्या मनचं काही घातलं नव्हतं. अक्षर त्यांचं, वही त्यांची, मोजलेलंही खरं. बावीस वर्षं त्या समजत होत्या की आपण रोज संध्याकाळी देवाच्या पायाशी बसून लिहितो. आणि इथे दिसत होतं की देवाला एका ओळीत उरकून त्या दुसऱ्याच कुणाला तरी हजेरी देत आल्या होत्या. देवाने तर कधीच विचारलं नव्हतं, किती वाजता आलीस म्हणून. उठून पाणी प्यावं म्हणून त्या उठल्या आणि माठापाशी पेला हातात घेऊन नुसत्याच उभ्या राहिल्या.

तेवढ्यात काका आले. पडद्यासमोर खुर्ची ओढून त्यांनी सगळा ढग डावीकडून उजवीकडे नजरेखालून घातला, खोके मोजावेत तसा. मग वरून खाली.

"यात मी कुठाय?"

"तुम्ही नाही यात, काका."

"नाही म्हणजे? रोजची वही आहे. माझ्याशिवाय कशी होईल?"

भाचीने समजावलं. मावशी नाव घेत नाही, "हे" म्हणते. आणि "हे" यंत्राच्या लेखी किरकोळ शब्द. गाळला.

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "एकतीस वर्षांत एक खोका गाळला नाही मी! आणि ह्याने अख्खा माणूस गाळला?"

"घालू का परत आत?"

"विचारतेस काय? नोंद अर्धी ठेवू नये."

भाचीने हे, ह्यांना, ह्यांचं, ह्यांनी सगळे एकत्र करून यंत्राला दिले. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि मग त्यावर "हे" उगवला. उगवला तो भिंतीएवढा. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नुसता "हे". दूध, औषध, नाश्ता मुंग्यांसारखे कडेने पांगले. "परत" त्याच्या मात्रेखाली चेपून बसला होता आणि देवाला शोधायला तर भिंग लागलं असतं.

"आता कसं!" काकांनी छाती पुढे काढली.

"सगळेच काही तुम्ही नाही हं," भाची म्हणाली. "'हे दूध नासलं', 'हे बटण तुटलं', तेही यंत्राने तुमच्यातच धरलंय. त्याला फरक कळत नाही."

"म्हणजे नासलेलं दूधही मीच?"

"थोडंसं."

काकांनी तिच्याकडे रोखून पाहिलं, पण त्यांची नजर पुन्हा पडद्यावर गेली. मग ते म्हणाले, "आणि ही कुठाय? हिचा शब्द घाल."

भाचीने "मी" घातला. ढग हलला नाही. तिने खालची यादी बघितली. "मी वर्षभरात चार वेळा आलाय. पाचाच्या आत असलं की यंत्र दाखवत नाही."

"चार कसे? वही तर हिची आहे."

"त्यात काय," माठापाशी उभ्या असलेल्या काकू बोलल्या. "गेले, आले, केलं. 'मी' कशाला लिहायला हवं? कळतंच की कोण गेली ते."

काका त्या "हे"कडे बघत राहिले. आपला फोटो फार जवळून काढला गेला की माणूस मान मागे घेतो, तशी त्यांनी मान मागे घेतली.

"जरा जास्तच झालंय," ते पुटपुटले. "लहान नाही करता येत का मला?"

"येतं ना. पण मजकूर बदलावा लागेल, काका. नुसतं चित्र बदलून होत नाही."

काकूंनी पेला उपडा ठेवला. "मी गुरुवारी ताईकडे जाणार आहे," त्या म्हणाल्या. "महिनाभर."

इतक्या वर्षांत त्यांनी ह्या घरात जे काही मागितलं होतं, ते "जाऊ का", "आणू का" असंच मागितलं होतं. काकांनी सवयीने तोंड उघडलं, पण कुठं ते विचारण्यासारखं नव्हतं.

"कशाला?"

"तिला उठवून बसवायला आपलं माणूस नाही."

"आणि मला?"

"तुम्ही उठता-बसता की, अहो."

भाचीने खोकला आल्यासारखं केलं. काकांनी टेबलावर बोटाने दोन-तीन रेघा ओढल्या. "महिना फार होतो. पंधरा दिवस."

"बरं," काकू म्हणाल्या.

स्वयंपाकघरात गेल्यावर भाची फणफणली. "मावशी! आईने महिना मागितला होता. तू लगेच अर्ध्यावर मान डोलावलीस?"

"अगं, सात वर्षांत मला पंधरा दिवस कुणी दिले होते?"

गुरुवार उजाडेपर्यंत काकूंना झोपेतसुद्धा चैन नव्हती. त्यांनी पंधरा दिवसांची औषधं डब्यांत वार लावून भरली, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, मग त्या चिठ्ठ्या काकांना दोनदा वाचून दाखवल्या. निघायच्या दिवशी सकाळी पिशवी दाराशी ठेवली, चपलेत पाय घातला आणि आतून आवाज आला.

"अगं... जरा गरगरतंय."

काकूंनी पाय चपलेतून काढला. भाचीने डोक्यावर हात मारला. काका पलंगावर डोळे मिटून पडले होते आणि त्यांचा हात खरोखरच थंड होता, हेही सांगितलं पाहिजे. सोंग आहे असं छातीठोकपणे कुणाला म्हणता आलं नसतं, काकांनासुद्धा नाही. काकू उशाशी बसल्या, पाणी पाजलं, कपाळ चोळलं. पिशवी दाराशी तशीच. दहा मिनिटं गेली. बसला चाळीस मिनिटं होती. काकूंनी डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं. ह्यांना बरं कर म्हणावं की मला जाऊ दे म्हणावं, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येईना. दोन्ही एका दमात मागितलं तर ते मागणं पोचतं का, तेही कळेना.

भाची खाली धावली आणि शिंपीणबाईला घेऊनच वर आली. बाईने दारातूनच फर्मान सोडलं, "काकू, तुम्ही निघा. मी आहे. मशीन वर आणून इथेच लावते, पंधराही दिवस. काकांना एकटं म्हणून सोडायची नाही मी. दिवसभर गप्पा मारीन."

काकांनी एक डोळा उघडला.

"गिऱ्हाइकं पण इथेच येतील," बाई म्हणाली. "घर कसं भरलेलं राहील!"

काका कोपरावर उठून बसले. "नको, नको. उतरलंय आता. पित्त असेल."

"बघा हं. मी मशीन आणायला माणूस सांगितलाय."

"उतरलंय म्हणतो ना!" आणि काकूंकडे वळून, "तू नीघ. बस चुकेल."

जिन्यापर्यंत ते स्वतः आले. पिशवीत एक पुडकं सरकवलं. "नवी वही आहे. तिथे लागेल तुला." बावीस वर्षांत त्यांनी काकूंना स्वतःहून वही कधी आणून दिली नव्हती. त्या तीन पायऱ्या उतरल्या, पुन्हा वर चढल्या आणि गॅसची चावी रात्री बंद करायला सांगून खाली गेल्या.

बस गाव सोडेपर्यंत काकांचा तीनदा फोन आला. बसलीस का, जागा कोणती, कोणत्या वळणावर आहात. काकूंनी प्रत्येक वेळी वळण सांगितलं. पूल गेल्यावर भाची म्हणाली, "उघड तरी ती वही, काय भारी कागद आणलाय बघू."

पुडकं सोडलं. पहिल्या पानावर वर आजची तारीख, ठसठशीत अक्षरात. खाली पट्टीने ओढलेल्या तीन उभ्या रेघा. पहिल्या रकान्यावर लिहिलं होतं "बाहेर", दुसऱ्यावर "आत", तिसऱ्यावर "वेळ". तळाशी डावीकडे एक छोटी चौकट, खुणेसाठी मोकळी ठेवलेली. दुसऱ्या पानावर उद्याची तारीख. तिसऱ्यावर परवाची.

"दे इकडे," भाची म्हणाली. तिचा हात खिडकीच्या काचेवर गेला होता. "आत्ता फेकते."

"थांब." काकूंनी वही छातीशी धरली. रागावलेल्या नव्हत्या, आश्चर्यही वाटलेलं दिसत नव्हतं. रेघा खरंच सरळ होत्या. एवढ्या दुखऱ्या गुडघ्याने तासन्‌तास टेबलाशी बसून ओढल्या असणार. त्या एकेक पान उलटत गेल्या. अकरा, बारा, तेरा. पंधराव्या पानानंतर त्यांचा अंगठा थांबला.

पुढचं पान कोरं होतं. त्याच्या पुढचंही. त्यांनी शेवटपर्यंत पानं भराभर सोडली, वाऱ्याने फडफडली.

"शंभर पानी आहे गं," त्या म्हणाल्या.

"मग?"

"पंधराच आखलीत त्यांनी. उरलेली माझी."

फोन पुन्हा वाजायला लागला. काकूंनी तो पिशवीतून काढला, नाव बघितलं, आणि वाजत असतानाच मांडीवर पालथा ठेवला.

"ताईला डाव्या कुशीवर झोपता येतं की उजव्या?" त्यांनी विचारलं. "म्हणजे उशी कुठल्या बाजूला लावायची ते ठरवायला."